बिनकवचाची गोगलगाय

भिंगताईंच्या बैठकीच्या खोलीतली टाकी खरं तर त्यांची नव्हतीच. ती त्यांच्या भाच्याची. परदेशात नोकरी लागली तेव्हा तो म्हणाला होता, "आत्या, दोनच महिने सांभाळ. मी तिकडे जरा स्थिरावलो की काहीतरी बघतो." त्या दोन महिन्यांना आता तीन वर्षं उलटली होती. भाचा तिकडे छान स्थिरावला. त्याने लग्न केलं, सोफा घेतला, मांजर पाळलं. टाकीचं मात्र काही बघितलं नाही.

टाकी चार फूट लांब, समुद्रासारख्या खाऱ्या पाण्याची. आत खडक, खडकांवर जिवंत पोवळी आणि दोन मासे. त्यातला एक इतका लाजरा की तो आहे की गेला हे कळायला आठवडा जायचा. दर शनिवारी भिंगताई मीठ कालवून नवं पाणी करायच्या, जुनं उपसायच्या, काच पुसायच्या. सुरुवातीला शिव्या देत. मग गप्प राहून. मग एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण पाणी उपसताना माशांशी बोलतोय, आणि बोलणं बरंच पुढे गेलंय.

नोकरीतली चौतीस वर्षं त्यांनी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली होती. गावभरच्या लोकांच्या रक्तात काय चाललंय ते त्यांना ठाऊक, पण रस्त्यात त्यांना कोणी ओळखायचं नाही. अहवालावर सही डॉक्टरांची. तरी दिवसातून दहा वेळा कोणीतरी दारातून डोकावून विचारायचं, "ताई, हे जरा बघता का? हे काय असेल?" निवृत्त झाल्या आणि तो प्रश्न बंद झाला. आई होती तोवर तीही काही ना काही विचारायची, चष्मा कुठे आहे, आज वार कुठला. चार वर्षांपूर्वी आई गेली. मग अख्ख्या दिवसात त्यांना कोणी काही विचारेना.

टाकीमुळे तो प्रश्न परत आला. त्याचं असं झालं, की एका सकाळी काचेवर त्यांना तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं काहीतरी सरकताना दिसलं. भाच्याने जाताना टाकी बाळगणाऱ्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये स्वतःच्या जागी आत्याचा नंबर टाकून दिला होता. त्यांनी हातातलं भिंग फोनपुढे धरून फोटो काढला आणि तिथे टाकला. तासाभरात त्यांना कळलं की नवं पोवळं विकत आणलं की त्याच्या बुडाशी चिकटून फुकटे प्रवासी येतात. किडे, शिंपले, गोगलगाई. आणि बिनकवचाच्या गोगलगाई, म्हणजे नुसता मऊ, उघडा जीव. त्यातल्या काही शेवाळ खाऊन टाकी साफ ठेवतात, काही कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि काही अशा की पाळलेलं पोवळं महिन्याभरात फस्त करतात. कोण कुठली हे ओळखता आलं पाहिजे, सगळी गोम तिथेच.

ओळखणं हा तर भिंगताईंचा हातखंडा. त्या वाचायला लागल्या, फोटो जुळवायला लागल्या. वर्षभरात ग्रुपमधल्या कोणाच्याही टाकीत काही सरपटलं की फोटो यायचा आणि खाली दोनच शब्द: "हा कोण?" आणि भिंगताई सांगायच्या हा कोण. भिंगताई हे नावही ग्रुपनेच ठेवलं. त्यांचं खरं नाव तिथे कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

उत्तर मात्र चुटकीसरशी द्यायच्या. "ताई, तुम्ही चोवीस तास टाकीपाशीच बसता का?" असं कोणी गमतीने विचारलं की हसरा चेहरा पाठवून द्यायच्या. खरं तर चोवीस तास त्या फोनपाशी असायच्या. फोन स्वयंपाकाच्या ओट्यावर, फोन न्हाणीघराच्या खिडकीत. न जाणो कोणी काही विचारलं तर.

एका मंगळवारी दुपारी त्या अंडं सोलत होत्या. फोन वाजला. लिफ्ट दुरुस्त करणारा एक मेकॅनिक ग्रुपमध्ये होता, मोजकंच लिहिणारा. त्याने फोटो टाकला होता. काचेवर करड्या-तपकिरी रंगाचं बोटाच्या पेराहून लहान काहीतरी, पाठीवर चमकणारा ठिपका. फोटो हललेला. "हा कोण".

भिंगताईंनी ओल्या हातानेच लिहिलं, "स्टोमॅटेला. गोगलगायच आहे, फक्त कवच नखाएवढं, पाठीवर. शेवाळ खाते, गुणी आहे. राहू द्या."

"धन्यवाद ताई."

ग्रुपमध्ये मासे-पोवळी विकणारा एक दुकानदारही होता, त्याने खाली लिहिलं, "चाळीस सेकंद! ताईंचा नवा विक्रम." भिंगताईंनी अंडं मीठ लावून खाल्लं. त्या दिवशी त्यांना जेवण जरा जास्तच गोड लागलं.

*

एकोणीस दिवसांनी मेकॅनिकने पुन्हा लिहिलं, "बटणं उघडत नाहीत. पाणी तपासलं. सगळं ठीक आहे. कारण काय असेल."

बटणं म्हणजे एक प्रकारची पोवळी. शर्टाच्या बटणाएवढी गोल तोंडं, भोवती बारीक झालर, एकमेकांना चिकटून खडकावर गालिच्यासारखी पसरतात. मेकॅनिककडे हिरव्या कडेची तीनशेच्या वर बटणं होती, ग्रुपमध्ये नावाजलेली. प्रश्न पडताच जो तो वैद्य झाला. एकाने प्रकाशावर बोट ठेवलं, एकाने मिठावर. एकजण म्हणाला नजर लागली असेल. दुकानदाराने औषधाच्या बाटलीचा फोटो टाकला.

भिंगताईंनी जवळून काढलेला फोटो मागवला. तो आल्यावर त्यांनी तो ताणून मोठा केला. गालिच्याच्या एका कोपऱ्यात बटणं नुसती मिटलेली नव्हती, कुरतडलेली होती. कोणीतरी खात होतं.

त्यांनी जुना, मंगळवारचा फोटो शोधला. संगणकावर घेतला, मोठा केला, आणखी मोठा केला. पाठीवरचा चमकणारा ठिपका कवच नव्हताच. तो दिव्याचा उजेड होता, ओल्या अंगावर पडलेला. ते कवच मनातून काढून बघितल्यावर उरलं ते स्पष्ट होतं: पाठीवर बारीक बोटांसारख्या झालरीच्या दोन रांगा, आणि प्रत्येक बोटाचं टोक हिरवं. अगदी त्या बटणांच्या कडेसारखं हिरवं. ही गोगलगाय जे खाते त्याचाच रंग अंगावर चढवते, म्हणून तर ती त्या गालिच्यात बसली की दिसत नाही. पण त्या दिवशी ती काचेवर होती. उघड्यावर. समोर. दिसत होती.

 मेकॅनिकला त्या फोटोची आठवणही नव्हती. ग्रुपमध्ये कोणालाच नव्हती. एकोणीस दिवसांत तिथे हजार गोष्टी वाहून जातात. "जवळून बघितलं तर खाणारी गोगलगाय दिसतेय, नवीन आली असावी" असं लिहिलं असतं, तर वर शाबासकीच पदरात पडली असती. चौतीस वर्षांत त्यांनी नमुन्याची एकही काच दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय बाजूला ठेवली नव्हती. आणि इथे चाळीस सेकंद. कशासाठी? आपलं उत्तर पहिलं यावं म्हणून. कोणीतरी "ताई" म्हणावं म्हणून.

त्यांनी लिहिलं, "चूक माझी आहे. त्या दिवशी मी जिला स्टोमॅटेला म्हटलं ती बटणं खाणारी बिनकवचाची गोगलगाय होती. मी नीट बघितलं नाही. त्याच दिवशी काढली असती तर ही वेळ आली नसती."

 मग एकाने लिहिलं, "होतं असं ताई, मनाला लावून घेऊ नका." आणि लगेच दुसऱ्याने, "म्हणजे माझ्याकडची पण परत बघायची का?" संध्याकाळपर्यंत पाच जणांनी आपापले जुने फोटो परत टाकले. भिंगताईंनी पाचही बघितले, प्रत्येक दोनदा. ती उत्तरं बरोबर होती. पण त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं ते झालंच.

मेकॅनिकचं उत्तर दोन तासांनी आलं, कारण तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला होता. "ठीक आहे. आता काय करू."

भिंगताईंनी सूचना लिहायला घेतल्या. दहा ओळी झाल्या, वीस झाल्या. मग त्यांनी सगळं पुसलं आणि लिहिलं, "पत्ता पाठवा. मी येते."

पाठवून झाल्यावर त्या स्वतःच दचकल्या. कोणाच्या घरी जाऊन त्यांना किती वर्षं झाली होती, आठवेना.

*

बसने पाऊण तास. इमारत चार मजली, आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या त्या इमारतीला लिफ्टच नव्हती. पिशवीत भिंग, टॉर्च, चिमटा, जाड हातमोजे, डोळ्यांवर लावायचे बाजूंनी बंद चष्मे आणि दोन पांढरे वाडगे घेऊन भिंगताई तिसऱ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

दार मेकॅनिकच्या बायकोने उघडलं. ती घरीच कपडे शिवायची, दुरुस्त करायची. मानेभोवती टेप, सुई टोचू नये म्हणून बोटात टोपण. "या ताई, या. मी म्हटलं यांना, बटणं मिटली हे मलाच आधी दिसलं. माझा दिवस बटणांतच जातो ना!" आतल्या खुर्चीत मेकॅनिकची आई बसली होती. तिने भिंगताईंना नखशिखांत न्याहाळलं.

"मासे आहेत पण खायचे नाहीत, पाणी आहे पण प्यायचं नाही," म्हातारी म्हणाली. "आणि आता त्याला डॉक्टरीणही लागते."

"आई!" मेकॅनिक म्हणाला. तो उंच, खांद्यात वाकलेला, हाताला ग्रीसचा वास असलेला माणूस होता. भिंगताईंकडे न बघता म्हणाला, "ताई, तुम्ही यायची गरज नव्हती. चूक कोणाचीही होते."

"गरज आहे," भिंगताई म्हणाल्या. "मोजे घाला. या बटणांत विष असतं, डोळ्यात उडालं तर महागात पडेल. चष्मा पण."

खडक उचलून त्यांनी वाडग्यात ठेवला, टाकीचं पाणी आणि दुकानातलं औषध घातलं, आणि हलक्या हाताने हलवला. पहिली दोन मिनिटं काही नाही. मग खडकापासून एक तुकडा सुटला आणि तळाशी पडून वळवळला. मग दुसरा. पंधरा मिनिटांत अकरा. मेकॅनिकची बायको तोंडावर हात धरून बघत राहिली. "हे सगळे इथे होते? रोज मी इथे समोर बसते!"

भिंगताईंनी टॉर्च लावून बटणांच्या मुळाशी भिंग फिरवलं. तिथे त्यांना हवं ते, म्हणजे नको ते, दिसलं: पांढऱ्या दोऱ्याची चकली गुंडाळून चिकटवावी तशी अंड्यांची वेटोळी. एक, दोन, चार.

"बघा," त्या म्हणाल्या आणि भिंग बायकोच्या हातात दिलं. मग मेकॅनिकच्या. म्हातारीने आधी नाक मुरडलं, मग हात पुढे केला. बराच वेळ बघत राहिली.

"हे तर नाजूक काम आहे," ती म्हणाली. "सुनेलाही जमणार नाही असं. आणि याच्यातून ते निघणार? खाणारं?"

"हो. आणि औषधाने मोठ्या मरतात, अंडी मरत नाहीत. दिसली तेवढी चिमट्याने काढायची. न दिसलेली फुटतात. म्हणून दर पाच दिवसांनी हेच परत करायचं. लागोपाठ दोन वेळा काही सापडलं नाही की संपलं."

"मी शिकून घेतो," मेकॅनिक म्हणाला.

"शिकवते," भिंगताई म्हणाल्या. "पण बघायला मी येईन."

*

आणि त्या आल्या. दर पाचव्या दिवशी, दुपारी चारला. दुसऱ्या वेळी चौदा गोगलगाई निघाल्या, खूपच बारीक, नुकत्याच अंड्यातून आलेल्या. तिसऱ्या वेळी पाच.

घराची एक सवय असते, तिच्यात बाहेरचा माणूस नकळत मुरतो. दुसऱ्या खेपेला टाकीपुढे एक खुर्ची आधीच ओढून ठेवलेली होती. तिसऱ्या खेपेला चहा त्यांना न विचारता कमी साखरेचा आला. मेकॅनिकच्या बायकोने त्यांच्या कोटाची बिघडलेली चेन बघितली आणि "काढा तो" म्हणून अर्ध्या तासात नवी बसवून दिली. पैशाचं नाव काढलं तर डोळे वटारले.

चौथ्या वेळी औषधाची पंधरा मिनिटं भरायची वाट बघताना मेकॅनिकने बटणांची गोष्ट सांगितली. एवढं बोलताना भिंगताईंनी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

"सात वर्षं झाली. एका इमारतीत लिफ्ट मधेच अडकली. आत एक म्हातारे गृहस्थ, एकटेच. सुटा भाग यायला दोन तास लागणार होते. ते आतून हाका मारायला लागले. मी दाराबाहेर बसलो आणि म्हटलं, बोलत राहा काका. काय बोलू, म्हणाले. म्हटलं, घरी काय आहे ते सांगा. तर माणसांचं काहीच नाही, नुसतं टाकीचं सांगत राहिले. दोन तास. कुठलं पोवळं कुठे आहे, कुठला मासा कसा वागतो. मला ओ का ठो कळत नव्हतं. बाहेर आल्यावर मला घरी घेऊन गेले आणि डबीत आठ बटणं दिली. म्हटलं, काका, माझ्याकडे टाकी नाही. म्हणाले, मग घे."

"आणि यांनी घेतली," बायको म्हणाली. "आठ बटणांसाठी तीन फुटी टाकी. लोक शर्ट घेतात आणि बटणं लावतात."

"ते दुसऱ्या वर्षी गेले. त्यांची टाकी कोणी घेतली नाही. तोडली म्हणे." मेकॅनिकने वाडगा हलवला. "त्यांचं एवढंच उरलंय."

 भिंगताईंनी टॉर्च वाडग्यावर धरला. त्या दिवशी एकच गोगलगाय निघाली.

निघताना म्हातारीने त्यांना दारातच अडवलं. "तुझ्या घरी कोण कोण असतं गं?"

"मी."

"आणि?"

"दोन मासे."

भिंगताईंना वाटलं होतं ती हसेल. म्हातारी हसली नाही. "हं," म्हणाली आणि बाजूला झाली.

पाचव्या वेळी काही सापडलं नाही.

*

सहाव्या वेळी बसमध्ये बसल्या बसल्या भिंगताईंना कळलं की आपल्या मनात काय आहे. त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि मनातल्या मनात म्हणत होत्या, निदान एक. एखादी बारीकशी, कुठेतरी लपलेली. ते ध्यानात आलं तेव्हा त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी शेजारच्या बाईकडे बघितलं, तिला ऐकू गेलं की काय म्हणून.

खडक वाडग्यात गेला. पंधरा मिनिटं. तळ पांढरा स्वच्छ. मग त्यांनी टॉर्च घेऊन मुळांशी भिंग फिरवलं, कडेकडेने, सावकाश. आणि एका बटणाच्या बुडाशी पांढरा ठिपका दिसला.

"काय आहे?" बायकोने विचारलं. तिघं त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. म्हातारीसुद्धा खुर्ची सोडून आली होती. शिवणाचं मशीन थांबलेलं होतं, चहा ओट्यावर उकळत होता.

भिंगताईंनी भिंग हलवलं नाही. फक्त एक शब्द बोलायचा होता. "अंडं वाटतंय." एवढं म्हटलं की पुन्हा पाच दिवस, पुन्हा पाच, निदान दोन खेपा. या घरात कोणाला शंका आली नसती. भिंग त्यांच्या हातात होतं. कोणाचं नुकसानही नव्हतं त्यात. औषधाचा थोडा जास्त त्रास बटणांना, इतकंच.

तो शब्द न बोलायला तेवढं त्यांना पुरेसं होतं. बटणांना होणारा थोडा त्रास. शिवाय या माणसांच्या कपाळावर आणखी दहा दिवसांची आठी.

त्यांनी चिमट्याने तो ठिपका उचलून काचेवर ठेवला, भिंग जवळ नेलं, डोळा मिटून पुन्हा उघडला आणि दुसऱ्यांदा बघितलं.

"वाळूचा कण आहे," त्या म्हणाल्या. "स्वच्छ आहे. संपलं."

मेकॅनिकने एकदम टाळी वाजवली आणि स्वतःच ओशाळला. बायकोने त्यांचे दोन्ही हात धरले, मोज्यांसकट. चहा झाला, बिस्किटं झाली. पिशवी भरताना भिंगताईंना वाटलं, हे वाडगे इथेच ठेवून जावेत. मग वाटलं, कशाला. दारात मेकॅनिक म्हणाला, "ताई, कधीही या हं. आपलंच घर समजा."

"हो, हो," त्या म्हणाल्या. जिना उतरताना त्या शब्दाचा विचार करत होत्या. पाचव्या दिवशी या म्हटलं की माणूस पाचव्या दिवशी जातो. कधीही या म्हटल्यावर कुठल्या दिवशी जायचं?

*

पुढचा पाचवा दिवस आला आणि गेला. दुपारी साडेतीनला त्यांनी कोट अंगावर चढवला होता, मग काढून ठेवला. त्यांनी स्वतःच्या टाकीची काच पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. लाजऱ्या माशाला सांगितलं, "तुझं बरं आहे. तू लपतोस तर निदान शोधणारं कोणी आहे."

भाच्याला फोन केला. मागे मांजर ओरडत होतं. गोगलगाईंची हकिकत त्यांनी निम्मी सांगितली असेल. "आत्या, एवढा व्याप कशाला करतेस? विकून टाक ना ती टाकी," तो म्हणाला. "मी काही आता परत येत नाही." तो सहज बोलून गेला. त्यात नवं काही नव्हतं, पण मोठ्याने कोणी म्हटलं नव्हतं इतकंच.

ग्रुपमध्येही दिवस बदलले होते. "हा कोण?" आलं की भिंगताई आता फोटो मोठा करून बघायच्या, पुन्हा बघायच्या, अंधूक असला तर दुसरा मागायच्या. तोवर कोणीतरी फोनच्या एखाद्या ॲपला विचारून उत्तर टाकलेलं असायचं. बऱ्याचदा बरोबर असायचं. चुकीचं असेल तेव्हा त्या सांगायच्या, आणि वाट बघायची सवय मोडलेल्या लोकांना ते फारसं आवडायचं नाही.

तीन आठवड्यांनी मेकॅनिकने फोटो टाकला. खडकाचा एक कोपरा बोडकाच राहिला होता, पण बाकीची बटणं उघडली होती, हिरव्या कडा ताणून. खाली अंगठ्यांची रांग लागली. भिंगताईंनीही एक अंगठा टाकला. त्या रांगेत त्यांचा सदतिसावा होता.

फोन ओट्यावर ठेवून त्या उभ्या राहिल्या. बाहेर ऊन होतं. दिवस गुरुवार, कुठल्याही गोष्टीचा पाचवा नव्हता. त्यांनी कोट घातला, चेन वर ओढली आणि रिकाम्या हाताने बस पकडली.

पाऊण तास धीर टिकला. इमारतीच्या दाराशी तो संपला. वर जाऊन काय सांगणार? बायको कामात असेल, मेकॅनिक घरी नसेल. दार उघडल्यावर ती म्हणेल, "काय झालं ताई?" आणि झालेलं तर काहीच नव्हतं. चौतीस वर्षांची नोकरी आणि तीन वर्षांची टाकी, दोन्हीत त्या कोणाकडे काम नसताना गेल्या नव्हत्या. कसं जातात, हे त्यांना माहीतच नव्हतं. पायरीवर ठेवलेला पाय त्यांनी मागे घेतला आणि त्या बसथांब्याकडे वळल्या.

समोरून मेकॅनिकची आई येत होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बटाट्यांनी भरलेली पिशवी, आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाबद्दल तक्रार.

"तू?" म्हातारी थांबली. "पुन्हा सापडलं काय?"

"नाही, नाही. सगळं छान आहे."

"मग पोरानं बोलावलं?"

"नाही." भिंगताईंनी इकडेतिकडे बघितलं. "मी... सहज आले होते."

"आले होते म्हणजे? वर जाऊन आलीस?"

"नाही."

"मग निघालीस कुठे?"

भिंगताईंनी बसथांब्याकडे बोट केलं. म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. इतका वेळ, की एक बस आली आणि थांबून निघूनही गेली.

"अगं, सहज आलेल्या माणसाने वर यायचं असतं," ती शेवटी म्हणाली. "एवढी शिकलेली बाई, हे कोणी सांगितलं नाही तुला? धर ही पिशवी. माझा हात तुटायला आलाय."

भिंगताईंनी पिशवी धरली. चांगलीच जड होती. म्हातारीने मोकळ्या झालेल्या हाताने त्यांचा दंड पकडला आणि दोघी जिना चढायला लागल्या. पहिल्या वळणावर म्हातारी दम खायला थांबली. तिथे तिने आपल्या धाकट्या भावाच्या बायकोची एक जुनी तक्रार सांगायला घेतली, ती कोणी काय म्हटलं आणि मग काय झालं यासकट इतकी लांबली की तिसरा मजला आला, सुनेने दार उघडलं, तरी गोष्टीतली भावजय अजून माहेरून परत आलेली नव्हती.